डबल शार्पला 'अतितीव्र' म्हणावं का?

धरमपेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची लेक पियानो शिकते. तिच्या धड्यात एफच्या आधी बारीक फुली होती आणि बाईंनी त्या खुणेचं नाव डबल शार्प सांगितलं (शार्प स्वराला अर्धा स्वर चढवतो, डबल शार्प तसाच दोनदा). ताई स्वतः पेटी शिकलेल्या. त्यांनी लेकीला शब्द दिला 'अतितीव्र'. लेक म्हणाली, "वाजून तर जीच राहिला, मग जीच का नाही लिहीत?" ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: 'अतितीव्र' बरोबर आहे का, आणि कोशात पाहून कुणी सुचवलेला 'अपघाती स्वर' हा अ‍ॅक्सिडेंटलला म्हणजे स्वराआधी मध्येच येणाऱ्या अशा खुणेला चालेल का.

ताई, आधी लेकीचं बोलणं घेऊ, कारण शब्दाचं उत्तर त्यातच आहे. पेटीवर काळी चार सा धरा आणि कीरवाणी राग वाजवा: काळी चार, काळी पाच, पांढरी सात, वरची काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, आणि नी पांढरी पाचवर. पाश्चात्त्य लिपीत हा जी शार्प हार्मोनिक मायनर. तिथला नियम असा, की सप्तकातल्या सात स्वरांना सात अक्षरं मिळतात, प्रत्येकाला एकदाच. जी, ए, बी, सी, डी, ई अशी सहा अक्षरं वापरून झाली. नीसाठी एफच उरला. पण या सप्तकाच्या खुणांमध्ये एफ आधीच शार्प आहे, म्हणजे काळी तीन, आणि कीरवाणीचा नी तिच्याही अर्धा स्वर वर. म्हणून एफ दोनदा चढवायचा. तिथे जी लिहिला तर सा आणि नी दोघांनाही जी हेच अक्षर मिळेल, एफ कुठेच दिसणार नाही आणि नी सा नी अशी जागा आली की त्याच रेघेवर खुणा लावत आणि काढत बसावं लागेल.

आपण 'भाषा' ष घालून लिहितो आणि 'आशा' श घालून. बोलताना आज बहुतेकांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात, पण लिहिताना शब्दाचं कूळ दिसावं म्हणून फरक राखतो. एफ डबल शार्प आणि जी यांचं तसंच आहे. पट्टी एक, पण सप्तकातली जागा वेगळी. जर्मन संगीतकार बाखने १७२२ मध्ये चोवीसही मेजर-मायनर सप्तकांत रचना बांधल्या, त्यात हे जी शार्प मायनरही आहे.

कर्नाटक संगीतात तर हा विचार नावातच आहे. षट्श्रुती ऋषभ वाजतो आपल्या कोमल गांधाराच्या जागी, तरी त्याला ऋषभच म्हणतात. चलनाट या ३६व्या मेळात (मेळ म्हणजे आपल्या थाटासारखा स्वरसंच) त्याच्यापुढे अंतर गांधार येतो, मग गांधाराचं नाव आधीच कसं वापरणार? मला हे उदाहरण फार आवडतं. मुलीला जरूर सांगा.

आता 'अतितीव्र'. माझ्या मते हा शब्द नको. आपल्याकडे 'अति' श्रुतीच्या, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांच्या, हिशेबात येतो. दरबारी कानड्याचा अतिकोमल गांधार कोमल गांधारापेक्षा किंचितच खाली असतो, अर्ध्या स्वरापेक्षा पुष्कळ कमी. डबल शार्प मूळ स्वरापासून अख्खा एक स्वर वर जातो. शिवाय 'तीव्र' हे नाव साच्या नात्याने ठरतं. पांढरी दोन सा धरली तर एफ शार्प हा तुमचा शुद्ध गांधार होतो, त्यात तीव्र काही नाही. शार्पला तीव्र म्हणण्याची सवयच घोटाळा करते. शार्प, डबल शार्प हे शब्द तसेच राहू द्यावेत. मराठीच हवं असेल तर पेटीवाल्यांच्या तोंडचा 'चढा' घ्या: चढा एफ, दुहेरी चढा एफ. दोन फ्लॅट, म्हणजे स्वर उतरवणाऱ्या खुणा, शेजारीशेजारी असतील तर दुहेरी उतरा.

'अपघाती' मात्र साफ चुकीचा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'येऊन पडणे', त्यातून 'मूळचं नव्हे, वरून आलेलं' असा अर्थ झाला. संगीतातला शब्द त्या अर्थाचा आहे, त्याचा दुर्घटनेशी संबंध नाही. मराठीत यासाठी 'आगंतुक' आहे. आयुर्वेदातही बाहेरच्या कारणाने, घावाने वगैरे झालेल्या व्याधीला आगंतू म्हणतात. ओळीच्या आरंभी लिहिलेल्या पाच शार्प खुणा या सप्तकाच्या घरच्या आणि मध्येच आलेली फुली आगंतुक खूण. तिचा अंमल फक्त त्याच उंचीच्या एफवर, खालच्या-वरच्या एफवर नाही, आणि तोही पुढच्या उभ्या रेघेपर्यंत. रेघेच्या आतच साधा एफ शार्प हवा असेल तर आज नुसती शार्पची खूण देतात. जुन्या छापील पुस्तकांत तिच्याआधी नॅचरलचीही, म्हणजे आधीची चढ-उतार रद्द करणारी, खूण दिसते. लेकीच्या हाती असं पुस्तक आलं, तर त्या जोडखुणेचा अर्थ 'एकदाच चढा' एवढाच घ्यायचा.