नापीक जमिनीत झाडाची मुळं नेहमी जास्त खोल जातात का?

नाही, मुळं खोल जाणार की उथळ पसरणार हे कोणतं अन्नद्रव्य कमी पडलंय यावर ठरतं. नायट्रेट, म्हणजे मातीतल्या नत्राचं (नायट्रोजनचं) एक रूप, पाण्याबरोबर खाली झिरपतं, म्हणून नत्राची टंचाई फार तीव्र नसेल तर मुळं खाली लांबतात. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून बहुतेक वरच्या थरातच राहतं आणि जागचं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. त्यामुळे स्फुरद कमी असलं की बऱ्याच वनस्पती उथळ मुळं वाढवतात, मूळरोम लांब आणि दाट करतात. पांढरं ल्युपिन हे कडधान्य वर्गातलं पीक तर आखूड मुळांचे झुबकेच तयार करतं आणि त्यांतून सिट्रेट (सायट्रिक आम्लाचं रूप) सोडून अडकलेलं स्फुरद मोकळं करतं. (मला यातला हा भाग सर्वांत थक्क करणारा वाटतो.) शिवाय बहुतेक झाडांना मुळांशी जोडून वाढणाऱ्या आणि स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीची साथ असतेच.

मूळ खरोखर जागा ओळखतं, हे संशोधक ड्रू यांच्या १९७५ च्या बार्लीवरच्या प्रयोगात स्वच्छ दिसलं: मुळाच्या फक्त एका पट्ट्याला भरपूर नायट्रेट किंवा फॉस्फेट (स्फुरदाचं रूप) दिलं, तर उपमुळांची गर्दी नेमकी तिथेच झाली. पोटॅशियम (पालाश) दिल्यावर तसं झालं नाही.

पण टंचाई म्हणजे जास्त मुळं, असा सरसकट नियम करू नका. पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर पानांतली साखर मुळांपर्यंत नीट पोचत नाही आणि मुळांची वाढ उलट खुंटते.