पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्यांना काय द्यावं

चि. यास अनेक आशीर्वाद.

दुकान तुझ्या हाती आल्यापासून पावतीपुस्तक घेऊन येणारे वाढले, सगळ्यांना थोडं थोडं दिलं जातं आणि वर्षअखेर कुणाचंच धड काम झालेलं दिसत नाही, असं तू लिहिलं आहेस. पाचशे इथे, हजार तिथे हा प्रकार आधी थांबव. एप्रिलमध्येच वर्षाची रक्कम ठरवून वहीत वेगळं पान काढ. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम दोनच कार्यक्रमांना दे: एक मदतीसाठीचं जेवण आणि एक गावातली स्पर्धा. उरलेल्यात जत्रा, चर्चचं फेस्त आणि शाळेचं संमेलन बसव. धरलेले दोन कार्यक्रम तीन वर्षं तरी सोडू नकोस. पहिल्या वर्षी आयोजक आणि तू, दोघेही चाचपडत असता.

पैसे कशासाठी द्यायचे, हे मात्र तू ठरव. चषकाला दाता मिळतो, प्रमुख पाहुण्यांच्या शालीलाही मिळतो. हॉलचं भाडं, जनसेटचं (जनरेटरचं) डिझेल, रेफ्रींचं मानधन यांना कुणी मिळत नाही, आणि कार्यक्रम बुडतो तो तिथेच. तू तेच उचल.

जेवणाचं गणित मांडून बघ. समज, रुग्णांच्या मदतीसाठी २०० माणसांचं जेवण ठेवलंय, कूपन १००० रुपयांचं. केटरर ताटामागे ४५० घेतो. हॉल, खुर्च्या, ध्वनी, जनसेट मिळून ६०,००० होतात. सगळी कूपनं खपली तर दोन लाखांतून दीड लाख जातात आणि रुग्णांसाठी ५०,००० उरतात. पण कूपनं १४० च खपली आणि केटररला २०० चा आकडा देऊन ठेवलेला असला, तर उलट १०,००० चा खड्डा पडतो. मदतीचं जेवण बहुतेक वेळा असंच फसतं. जेवण चांगलं होतं, लोक खूश होऊन घरी जातात आणि संस्थेच्या हाती काही लागत नाही. आता तेच ६०,००० तू आणि आणखी दोन दुकानदारांनी प्रत्येकी २०,००० देऊन उचलले, तर १४० कूपनांवरही रुग्णांसाठी ५०,००० उरतात आणि सगळी खपली तर १,१०,०००. शिवाय कूपन विकणाऱ्या पोरांना छातीठोकपणे सांगता येतं की ताटाचा खर्च सोडून बाकीचा सगळा पैसा रुग्णाला जातो. त्यावर कूपनं खपतातही. केटररशी दोन टप्प्यांत बोलायला सांग: दहा दिवस आधी कमीत कमी आकडा, तीन दिवस आधी पक्का.

तारीख ठरवताना आयोजकांच्या शेजारी बस. श्रावणात अर्धा गाव शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतो आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत बरेच ख्रिस्ती शेजारी मांस टाळतात. आपल्या गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असल्यामुळे मासळी महाग. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला असं वाटतं, पण संध्याकाळी गडगडाटासह सर येते आणि उघड्यावरचा मांडव भिजतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून कार्यक्रम सातला सुरू झालाच पाहिजे. देवळातल्यासारखी पावणी, म्हणजे लिलाव, करायची असेल, तर ती मुख्य जेवणाआधी, साडेआठच्या सुमारास उरकायला सांग. ताट संपलं की माणसं चपला शोधू लागतात, मग बोली कुणी लावत नाही.

केटररचा अन्नपरवाना क्रमांक चौदा आकडी असतो, तो कोटेशनवरच लिहून घे. शिवराक जेवण वेगळ्या टेबलावर आणि त्याचे डाव वेगळे. माशाचं हुमण आणि कोंबडीची शाकुती वाढून होईपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहिली पाहिजे. भाषणं लांबली की नेमकं तेच बिघडतं. पदार्थ बर्नरवरून उतरवून ठेवतात, दोन तास कोमट राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलेल्यांच्या तोंडी तुझ्या दुकानाचं नाव येतं. म्हणून प्रायोजक म्हणून तुला माईक दिला, तर दोन मिनिटांत खाली बस. थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे चमचे १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. स्टीलची ताटं भाड्याने आण आणि भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी तुझ्या हिश्श्यात धर. दारू ठेवणार असतील, तर त्या दिवसापुरता अबकारी परवाना काढला की नाही ते विचार आणि त्या टेबलावर आपला बॅनर लावू देऊ नकोस.

आता मैदान. सात-सातच्या फुटबॉलला सोळा संघ आले की बाद फेरीचे सामने होतात पंधरा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मधली विश्रांती आणि संघ बदलायचा वेळ धरून एका सामन्याला ५५ मिनिटं. तीन ते साडेसहाच्या उजेडात तीनच सामने होतात, म्हणजे पाच संध्याकाळी लागतात. आयोजक दोन रविवारांत उरकू म्हणतील. मग अंतिम सामना काळोखात, गाडीच्या दिव्यांत होतो, किंवा दमलेली पोरं एकाच दिवशी तीन सामने खेळून पाय मुरगळून घेतात. वेळापत्रक कागदावर पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस.

रोख देण्यापेक्षा पाच नंबरचे चार फुटबॉल, दोन जाळ्या आणि रेफ्रींचं मानधन दे. एका सामन्याला वीस लिटरचा एक जार पाणी लागतं. एका संध्याकाळसाठी चार जार धर, त्यातला एक प्रेक्षकांसाठी. दुखापतीसाठीचा बर्फ वेगळ्या पेटीत ठेव, सरबताच्या बर्फात तो कधीच उरत नाही. रेषा मारायला कळीच्या किंवा विरीच्या चुन्याऐवजी खडूची पूड दे. ओल्या मैदानावर तो चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

सर्वांत जास्त लक्ष गोलपोस्टकडे दे. शेतात उभे करतात ते लोखंडी पाइपचे पोस्ट नुसते टेकवलेले असतात. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात, पोस्ट पुढे कलंडतो आणि दांडा डोक्यात बसतो. यात मुलं दगावतात. मागच्या पाइपवर दोन्ही टोकांना वाळूची भरलेली पोती टाकून दोरीने बांधायची, शिवाय खुंट्या ठोकायच्या. सामना सुरू होण्याआधी तू स्वतः हाताने ढकलून बघ. गोलपोस्टला बॅनर बांधू द्यायचा नाही, मग तो तुझा का असेना. वारा भरला की तो पोस्टला ओढतो.

बॅनर कापडाचाच कर. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीला बंदी आहे, आणि कापडावर वर्ष छापलं नाही तर तो पुढेही वापरता येतो. रस्त्यावर लावायचा असेल तर आधी पंचायतीची परवानगी घे आणि कार्यक्रम झाला की दोन दिवसांत तो उतरव. निवडणूक जवळ असेल तर उमेदवाराचा फोटो आणि आपलं नाव एका कापडावर येऊ देऊ नकोस. धिरयोला, म्हणजे बैलांच्या झुंजींना, पाणी, मांडव, काहीही देऊ नकोस. न्यायालयाने ते बंद केले आहेत, आणि बैलांचे हाल व्हायचे ते होतातच.

हिशेबात जाहिरात आणि देणगी वेगळी ठेव. नाव लावून घेतलंस तर दुकानाच्या नावावर बिल घे, तो धंद्याचा खर्च. देणगी असेल तर आयकरातल्या वजावटीसाठीची पावती घे. २००० वरची रोख देणगी किंवा वस्तुरूप देणगी त्यात धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळातच नाही. दुकानातला माल फुकट दिलास, तर त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. तुझ्या सीएला महिन्याच्या महिन्याला सांग. पैसे नेहमी संस्थेच्या खात्यात भर. क्यूआर कोड पंचायतीतल्या एखाद्या पंचाच्या किंवा खजिनदाराच्या नावावर निघाला तर तिथेच थांब.

देण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घे: तू काय देणार, कधी देणार, आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्चाची प्रत तुला मिळेल. प्रत आली नाही तर पुढच्या वर्षीची रक्कम दुसऱ्या संस्थेसाठी ठेव, आणि तसं त्यांना तोंडावर सांग.

पहिलं वेळापत्रक हातात आलं की मला पाठव, बसून पाहू. कळावे.

काका