वजन अडलंय, पुन्हा ऑपरेशन करू का?

प्रश्न : वीस महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळी उरवण्याचं ऑपरेशन झालं. उंची १६० सेंटिमीटर, तेव्हाचं वजन ११२ किलो. वर्षभरात ते ८६ वर आलं आणि गेले काही महिने काटा तिथेच आहे. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ होते, गोळी चालू आहे. ओळखीच्या एकीने पुन्हा स्लीव्ह करून घेतलं. मीही करावं का?

उत्तर : आधी आकडे मांडू. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ म्हणजे ६४ किलो. त्या हिशेबाने जादा वजन ४८ किलो होतं, त्यातलं २६ गेलं, म्हणजे ५४ टक्के. मूळ वजनाशी तुलना केली तर २३ टक्के. स्लीव्हनंतर मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट अपेक्षित असते, आणि २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर परिणाम अपुरा मानतात. म्हणजे तुम्ही सरासरीच्या किंचित मागे आहात, पण ऑपरेशन फसलेलं नाही. बारा ते अठरा महिन्यांत वजन थांबणं ठरलेलंच असतं. २६ किलोने हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा वापरतं, त्यामुळे आधी वजन उतरवणारा आहार आता जेमतेम तोल राखतो. नुसतं वजन अडलं, हे दुसऱ्या ऑपरेशनचं कारण होत नाही.

तुमच्या पत्रात आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती जळजळ. स्लीव्ह म्हणजे अरुंद नळी. तिच्यात दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली नैसर्गिक अटकाव यंत्रणाही कमकुवत होते. म्हणून वजनाचा विचार बाजूला ठेवला तरी एंडोस्कोपी करून घ्याच. अन्ननलिकेला किती सूज आहे, तिच्या आतल्या अस्तरात बदल झालाय का, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, हे त्यात दिसेल. सोबत औषध पिऊन काढायचा एक्स-रे. त्यात नळीचा आकार कळतो : जठराचा वरचा फुगीर भाग कापायचा राहिलाय, मध्ये पीळ पडलाय की वळणापाशी नळी आकसली आहे.

हे आकसणं फसवं असतं. घट्ट अन्न अडकतं, उलटी होते. मग माणूस नकळत मऊ, गोड, पातळ पदार्थांकडे वळतो, कारण ते सहज उतरतात. पोट लहान आणि उष्मांक भरपूर, अशी विपरीत अवस्था होते. अशा वेळी बहुतेकदा दुर्बिणीतून फुगा घालून नळी रुंद केली जाते; आणखी कापून काहीच साधत नाही.

पुन्हा स्लीव्ह तुमच्यासाठी नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. वरचा भाग खरोखर राहून गेला असेल आणि जळजळ अजिबात नसेल, तरच त्याचा विचार होतो. नळी आणखी अरुंद केली की दाब वाढतो, जळजळही वाढते. शिवाय व्रण झालेल्या ऊतींवर पुन्हा स्टेपल मारले की गळतीची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते, आणि अन्ननलिकेजवळची गळती भरून यायला आठवडे, कधी महिने जातात.

तपासण्यांत सबळ कारण निघालंच, तर तुमच्यासाठी मार्ग रू-एन-वाय बायपासचा. त्यात जठराचा छोटा पाउच (पिशवी) उरतो आणि तो थेट आतड्याला जोडतात, बहुतेक आम्ल बाजूला पडतं आणि पित्तही बरंच खाली येऊन मिळतं. जळजळीला चांगला आराम पडतो. वजन मात्र पहिल्या वेळेइतकं उतरत नाही, ही अपेक्षा आधीच ठेवा. मिनी बायपासमध्ये, म्हणजे एकाच जोडाच्या बायपासमध्ये, पित्त पाउचमध्ये चढू शकतं. ड्युओडेनल स्विचने (स्लीव्ह ठेवून आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या ऑपरेशनने) वजन जास्त उतरतं, पण स्लीव्ह तशीच राहते आणि प्रथिनं, अ आणि ड जीवनसत्त्वांची कमतरता जन्माला चिकटते.

त्याआधी दोन आठवडे खाणंपिणं लिहून काढा, पेयांसकट आणि येता-जाता तोंडात टाकलेल्या घासांसकट. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जातात का पाहा. थायरॉइड तपासा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मनोविकाराची काही औषधं वजन धरून ठेवतात. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा.

प्रश्न : सात वर्षांपूर्वी वजनासाठी जठराचा बायपास झाला. वजन ७० पर्यंत गेलं होतं, आता ८३ आहे. आता जास्त जेवण जातं, आणि गोड खाल्लं की दोन तासांनी घाम, थरथर आणि जबर भूक. आतड्याची लांबी बदलून घ्यावी का?

उत्तर : थरथर सुटते तेव्हा लगेच साखर मोजा. गोड झपाट्याने आतड्यात उतरतं, इन्सुलिन उसळतं आणि साखर खाली येते. ५४ च्या खालचा आकडा डॉक्टरांना कळवायलाच हवा. ती सावरायला पुन्हा खाल्लं जातं, आणि वजन असं चढतं. साखर आणि गोड पेयं बंद, जेवणात प्रथिनं आधी, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. तरीही थांबलं नाही तर औषधं आहेत.

जेवण जास्त जाण्यामागे पाउच आणि आतडं यांचा जोड रुंदावलेला असू शकतो. तो एंडोस्कोपीत मोजता येतो आणि पोट न उघडता आतूनच टाके घालून अरुंद करता येतो. पाउच आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या जठरात वाट पडली असेल, तर मात्र दुरुस्ती करावी लागते. लांबी बदलणं सर्वात शेवटी : अन्न शोषणारं आतडं फार आखूड झालं तर जुलाब आणि कुपोषण मागे लागतं. जुन्या ऑपरेशनची नोंद सोबत न्या. कुठल्या भागाची लांबी किती ठेवली, ते तिच्यात असतं.

प्रश्न : पुन्हा ऑपरेशन करण्याऐवजी वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेतलं तर?

उत्तर : शरीररचनेत बिघाड नसेल तर आम्हीही आधी तेच सुचवू. सेमाग्लुटाइड आठवड्याला २.४ मिलिग्रॅमपर्यंत, टिर्झेपेटाइड १५ पर्यंत, दोन्ही हळूहळू वाढवत. बंद केलं की वजन बहुधा परततं, म्हणून मुदतीचा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर ही औषधं नकोत. आणि एक धोका : आधीच लहान पोट, त्यात मळमळ. काही दिवस सतत उलट्या झाल्या, पाय बधिर वाटले, तोल जाऊ लागला किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर लगेच रुग्णालय गाठा आणि बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याची) शस्त्रक्रिया झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं लागतं. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.