ट्रेलर घसरला की सुटला?

प्रश्न, थोडक्यात : मी पिंपरी-चिंचवडला राहतो. २०२१ मध्ये एका फॅब्रिकेटरकडून थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतला. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उघडलं की ओटा. वजन सुमारे ३८० किलो. माझ्या हॅचबॅकला हुक बसवून तो ओढत असे. तीन वर्षं दापोलीपासून भंडारदऱ्यापर्यंत फिरलो, कुणी अडवलं नाही. २८ जानेवारी २०२४ ला पाचगणीहून उतरताना पसरणी घाटात ट्रेलरची समोरून येणाऱ्या मोटरसायकलला धडक बसली; चालकाचा पाय मोडला. माझी गाडी कठड्यावर आदळली, दुरुस्तीला १ लाख ८४ हजार लागले. विमा कंपनीने १८ मार्च २०२४ च्या पत्राने दावा नाकारला. जखमीने माझ्यावर १४ लाखांचा दावा लावला आहे. गाडी १२०० सीसीची आहे, एवढ्या ट्रेलरला ती सहज पुरते. कंपनीचं म्हणणं टिकेल का?

उत्तर : तुमचं पत्र नऊ पानांचं आहे. त्यातली सहा पानं इंजिन, टॉर्क आणि हुकावर किती किलो भार येतो यांची. अपघाताला चार ओळी. त्या चार ओळींत तुम्ही दोन वेगळी क्रियापदं वापरली आहेत. वर लिहिलंय, ‘ट्रेलर घसरून मोटरसायकलला लागला’. खाली लिहिलंय, ‘सुटलेला ट्रेलर’. घसरला की सुटला? धडक बसली त्या क्षणी तो हुकाला होता की नव्हता? १४ लाख कुणाच्या खिशातून जाणार हे बरंचसं यावर ठरेल, आणि तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. १२०० सीसीचं मागाहून बघू.

हा प्रश्न उभाच का राहिला, ते आधी सांगतो. ‘याला इंजिन नाही, म्हणजे ही गाडी नाही, म्हणजे पासिंग लागत नाही’ असं फॅब्रिकेटरने सांगितलं आणि तुम्ही मानलंत. असा ट्रेलर घेऊन अडचणीत आलेला जो कुणी मला विचारतो, त्याला हेच वाक्य कुणीतरी ऐकवलेलं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ उघडा. कलम २(२८) मधल्या ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतच ट्रेलर आहे. कलम ६१ सांगतं की नोंदणीचं सगळं प्रकरण ट्रेलरला इतर कोणत्याही मोटार वाहनासारखंच लागू. ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला लावायचा, ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे. गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. ट्रॅक्टरचं आरसी वेगळं, ट्रॉलीचं वेगळं. ट्रॅक्टरवाल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि तीन वर्षं कुणी अडवलं नाही म्हणजे परवानगी होती असं नव्हे. तीन वर्षं नशीब बरं होतं, एवढंच.

ट्रेलर हे स्वतंत्र वाहन ठरलं की त्याला विमाही लागतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येत नाही. थोडा जादा हप्ता भरून ‘आयएमटी ३०’ नावाचं कलम जोडून घ्यावं लागतं. ते खास खासगी गाड्यांमागच्या ट्रेलरसाठी आहे आणि त्यात ट्रेलरचा नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. नोंदणी नाही, म्हणून क्रमांक नाही, म्हणून कलम नाही. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर ते नाही, आणि असणंही शक्य नव्हतं.

तुमच्या १ लाख ८४ हजारांत माझा फारसा जीव नाही. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नरिंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये आणि सुशीलकुमार गोदारा प्रकरणात २०२१ मध्ये सांगितलं आहे. गोदारांची गाडी तर चोरीला गेली होती. तात्पुरती नोंदणी संपून जेमतेम नऊ दिवस झाले होते. तरी पैसे मिळाले नाहीत. तुमच्या बाजूने एक फरक दाखवता येतो : त्या दोन्ही प्रकरणांत विमा उतरवलेलीच गाडी विनानोंदणी होती, तुमची कार नोंदलेली आहे, मागचा डबा नाही. हा फरक ग्राहक आयोगाला पटेलही. पटला, तर अमलेंदू साहू (२०१०) या निकालाच्या आधारे रकमेचा काही भाग, तिथे ७५ टक्के दिले होते, मिळू शकतो. विमा लोकपालांकडे जायची एक वर्षाची मुदत तुम्ही केव्हाच घालवली. ग्राहक आयोगाची दोन वर्षं, नकाराच्या पत्रापासून मोजली तर, १८ मार्च २०२६ ला संपतात. तुमचं पत्र ३ फेब्रुवारीचं आहे. तक्रार दाखल करायची असेल तर याच महिन्यात करा. एवढ्या हप्त्याच्या पॉलिसीला आयोगात फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण शक्ती तिथे घालवू नका.

खरा धोका १४ लाखांचा आहे, आणि गंमत अशी की तिथे कायदा तुमच्या बाजूने जास्त झुकलेला आहे. जखमी त्रयस्थ माणसासमोर कंपनीला वाटेल तो बचाव घेता येत नाही. कलम १५०(२) मध्ये, जे २०२२ पूर्वी कलम १४९ होतं, बचावांची यादी ठरलेली आहे, त्याबाहेरचं कारण चालत नाही : भाड्याने वापर, शर्यत, परवान्याबाहेरचा वापर, मोटरसायकलला साइडकार न जोडणं, लायसन्स नसलेला किंवा दारू प्यायलेला चालक, युद्ध, माहिती दडवून घेतलेली पॉलिसी, न भरलेला हप्ता. साइडकारची आठवण ठेवणाऱ्या कायद्याने त्या यादीत ‘नोंदणी नाही’ हे कारण घातलेलं नाही. तुमच्या लायसन्सवरही कंपनी बोट ठेवेल, ठेवू दे. लायसन्सधारक चालकाने ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला म्हणून त्याचं लायसन्स निकामी होत नाही, हे नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्येच ठरलं आहे.

म्हणून कंपनी दुसऱ्या दाराने येईल. ती म्हणेल, आम्ही विमा दिला कारचा. धडक दिली ट्रेलरने. ट्रेलर आमचा नाही. इथे तुमच्या दोन क्रियापदांचा हिशेब होतो. ट्रेलर हुकाला असताना घसरला असेल, तर कार आणि ट्रेलर एकाच चालकाच्या हाताखाली, एकाच इंजिनाच्या जोरावर चालले होते. अपघात कारच्या वापरातून झाला असं म्हणायला भक्कम जागा आहे. तो आधी सुटून, उतारावर स्वतःच्या वजनाने जाऊन आदळला असेल, तर ‘हे वेगळंच वाहन होतं’ हे कंपनीचं म्हणणं बरंच सोपं होतं. विमा असलेला ट्रॅक्टर आणि विमा नसलेली ट्रॉली यांच्या दाव्यांत उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे घसरला असेल तरी मी हमी देणार नाही. शिवाय ‘कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत’ असाही आदेश होऊ शकतो. जखमीला त्याने दिलासा मिळेल, तुम्हाला नाही. वसुली कलेक्टरमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही होऊ शकते.

आता रागवायची पाळी माझी. पत्राच्या सातव्या पानावर, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की न्यायाधिकरणाचं, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाचं, समन्स जुलै २०२४ मध्ये आलं होतं आणि ‘विमा आहे, कंपनी बघेल’ म्हणून तुम्ही गेलाच नाहीत. दीड वर्ष! सामनेवाला क्रमांक एक तुम्ही आहात. कंपनी क्रमांक दोन. तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवायचा आदेश झालेला असणार. त्याहून वाईट म्हणजे, मालक हजर होऊन लढत नसेल तर कलम १७० खाली कंपनीला सगळ्या मुद्द्यांवर लढायची परवानगी मिळू शकते. म्हणजे त्या कोर्टात आज ट्रेलरची गोष्ट सांगणारा एकच पक्ष आहे, आणि ट्रेलर सुटला होता हे सिद्ध होण्यातच त्या पक्षाचा फायदा आहे.

कोर्टांच्या कूर्मगतीवर मी एरवी भरपूर तोंडसुख घेतो. या वेळी तीच तुमच्या उपयोगाची आहे. तुम्ही पाठवलेल्या केस-स्टेटसनुसार अजून साक्षी सुरू झालेल्या नाहीत. येत्या तारखेआधी वकीलपत्र दाखल करा, एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अर्ज द्या, सोबतच लेखी म्हणणं द्या. अर्ज देऊन महिनाभराने म्हणणं, असं करू नका. कोर्ट खर्च बसवेल, तो निमूट भरा. निवाडा होऊन गेला असता, तर हे सगळं कितीतरी अवघड आणि महाग झालं असतं. अपिलाला ९० दिवस आणि वर रक्कम जमा करण्याची अट.

लेखी म्हणण्यात काय लिहायचं हे पंचनामा वाचल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही. पंचनाम्याची आणि पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेल्या सविस्तर अपघात अहवालाची नक्कल काढा. पंचनाम्यात तीन गोष्टी शोधा : ट्रेलर कारपासून किती अंतरावर मिळाला, हुक कोणत्या स्थितीत होता, आणि सुरक्षेची साखळी होती का. तुम्ही त्या दिवशी काढलेले फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरवलेले नकोत. त्यातून सुटला असंच निघत असेल, तर घसरला म्हणून लिहू नका. खोटं लिहिलेलं उलटतपासात सापडतं, आणि मग तुमचं खरंही कुणी ऐकत नाही.

अपघात १ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने फौजदारी खटला जुन्या भारतीय दंड संहितेच्या २७९ आणि ३३८ खाली आहे. ‘गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा हो’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तो न्यायाधिकरणातल्या दाव्याकडे न बघता दिलेला सल्ला आहे. तिथली कबुली इथे तुमच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे येते. दोन्ही प्रकरणं एकाच वकिलाकडे ठेवा, निदान दोघं वकील एकमेकांशी बोलतील असं पाहा.

फॅब्रिकेटरबद्दल. विक्रीचा फॉर्म २१ आणि वाहन रस्त्यालायक असल्याचा फॉर्म २२ त्याने कधीच दिला नाही, आणि नोंदणी लागत नाही असं सांगून माल विकला. त्याच्यावर ग्राहक आयोगात जाण्याजोगं प्रकरण आहे. अपघातापासून दोन वर्षं मोजली तर मुदत २८ जानेवारीला संपली. तुमचं पत्र सहा दिवसांनी निघालं. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा. सहा-आठ आठवड्यांच्या उशिराबद्दल आयोग सहसा फार कठोर होत नाही, पण कारण द्यावं लागेल आणि ‘सुचलं नाही’ हे कारण नव्हे. तोच गृहस्थ आता ‘२०२१ च्या तारखेची कागदपत्रं बनवून देतो, नोंदणी करून टाकू’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिता. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. आज नुकसानभरपाईचा दावा आहे, तो उद्या खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा होईल. आजच्या तारखेने रीतसर नोंदणी करायची तर खुशाल करा. झालेल्या अपघाताला तिचा उपयोग नाही.

राहिलं तुमचं १२०० सीसी. पुरते की नाही हे मोटार अभियंता सांगेल. पण तुम्हीच पाठवलेल्या मॅन्युअलच्या पानावर ‘या गाडीने ट्रेलर ओढू नये’ असं छापलेलं आहे, आणि तुम्ही त्याच्या वरच्या परिच्छेदाला पिवळी खूण केली आहे. एवढ्याने कंपनी त्रयस्थासमोर सुटत नाही, पण निष्काळजीपणा ठरवताना तो कागद तुमच्याविरुद्ध जाईल. म्हणून टॉर्कची ती सहा पानं न्यायाधिकरणात दाखल करू नका. त्यातून ‘याला क्षमतेचा प्रश्न ठाऊक होता’ एवढंच सिद्ध होईल.

आणि एक. ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून आहे, नाशिकचं एक गिऱ्हाईक लागलंय, रंग काढून विकू का, असं विचारलंत. विकू नका, रंगवू नका, हुकाला हात लावू नका. त्यावर ताडपत्री घाला. ट्रेलर हुकाला अडकवणाऱ्या त्या कपलिंगची जीभ वाकली आहे की नुसती उघडली आहे, हे एखाद्या तज्ज्ञाने बघून कोर्टात सांगायचं बाकी आहे.