काउंटी क्लर्क नाव बदलून देत नाही. आधी डीड वाचा

प्रश्न : आम्ही २०१३ मध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्को इथे घर घेतलं. तेव्हा मी एच-४ म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर होते, मला पगार नव्हता, म्हणून कर्ज आणि डीड (घराचं खरेदीखत) दोन्ही यजमानांच्या एकट्याच्या नावावर झालं. गेल्या वर्षी ते अचानक गेले. मृत्युपत्र नाही. आम्हाला एकच मुलगी, ती शाळेत आहे. डेथ सर्टिफिकेट घेऊन काउंटी क्लर्कच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याच्या, ऑफिसात गेले, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ‘आम्ही नाव बदलत नाही. कागद आणा, नोंदवून घेऊ.’ कोणता कागद, ते सांगेनात. मी कर्जदार नाही म्हणून बँक माझ्याशी बोलत नाही. पुण्याहून दीर म्हणतात, डाउन पेमेंटमध्ये सासऱ्यांचे पैसे होते आणि सासूबाईही वारस आहेत, तेव्हा त्यांचा हिस्सा स्टँप पेपरवर लिहून द्या. त्यात एका कंपनीचं पत्र आलंय, शंभरेक डॉलर भरा म्हणजे डीडची प्रत पाठवू. काय करू?

उत्तर : ताई, आधी मनावरचं मोठं ओझं उतरवू. या घरातून तुम्हाला सासरचं कोणीही बाहेर काढू शकत नाही. टेक्सासच्या राज्यघटनेतल्या सोळाव्या अनुच्छेदाचं ५२वं कलम मागे राहिलेल्या जोडीदाराला राहत्या घरात, म्हणजे होमस्टेडमध्ये, हयातभर राहण्याचा हक्क देतं. मालकीचा वाटा कोणाकडे किती गेला, याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. तुम्ही तिथे राहता तोवर वारसांना घराची वाटणीही मागता येत नाही. हप्ता आणि मालमत्ता कर मात्र थकवू नका. त्या थकबाकीपुढे हे कलम कामाचं नाही.

आता क्लर्कच्या ऑफिसाबद्दल. आपल्याकडे माणूस गेला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देतात, फेरफार होतो आणि सातबारावर नावं चढतात. तुम्ही त्याच अपेक्षेने गेलात, बरेच जण तसेच जातात. पण काउंटी क्लर्क मालकी ठरवत नाही. तो कागद घेतो, त्यावर तारीख, वेळ आणि क्रमांक घालतो, स्कॅन करतो, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने सूचीत चढवतो आणि मूळ कागद परत देतो. मूळ सही, नोटरीसमोरचं अॅक्नॉलेजमेंट (सही आपलीच असल्याची कबुली) आणि फी जागेवर असली की नोंद होते. कागदातला मजकूर खरा की खोटा, पुरेसा की अपुरा, हे पाहणं त्याचं काम नाही. कोणता कागद आणा हे सांगणं म्हणजे कायद्याचा सल्ला देणं, आणि तसा सल्ला द्यायची त्या ऑफिसला परवानगी नसते. त्या बाईंनी तुम्हाला टोलवलं नाही.

यातला धोका नीट समजून घ्या. चुकीचा कागदही तितक्याच सहज नोंदला जातो आणि मग तो कायम रेकॉर्डवर राहतो. तो निस्तरायला दुसरा कागद तरी करावा लागतो, नाहीतर कोर्टात जावं लागतं. इंटरनेटवरून नमुना उतरवून घाईने काहीतरी नोंदवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या अडचणी घर विकायला काढल्यावर वर येतात. म्हणून तुम्ही आज काहीही नोंदवायचं नाही. आज फक्त शोधायचं आणि वाचायचं.

पहिली गोष्ट, घर कोणत्या काउंटीत आहे? फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन या दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. तुमच्या मालमत्ता कराच्या बिलावर काउंटीचं नाव असेल. कॉलिनचं क्लर्क ऑफिस मॅकिनीत आहे, डेंटनचं डेंटन गावात. दोघांच्या सूच्या ऑनलाइन पाहता येतात. ‘ऑफिशियल पब्लिक रेकॉर्ड्स’मध्ये यजमानांचं नाव ग्रँटी (घेणारा) म्हणून शोधा, मग ग्रँटर (देणारा) म्हणूनही शोधा.

इथे मराठी नाव हमखास दगा देतं. आपल्या नावात मधोमध वडिलांचं नाव असतं. सूचीत कधी तेच आडनाव म्हणून चढतं, कधी गळतं, कधी आडनावाचे दोन तुकडे होतात. सगळी स्पेलिंगं करून पाहा, आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाकून पाहा. तरी सापडलं नाही, तर सबडिव्हिजनचं (वसाहतीचं) नाव, लॉट (प्लॉट) आणि ब्लॉक यांचे क्रमांक यांवरून शोधा. डीडवरचं नाव आणि डेथ सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नसेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र पुढे जोडावं लागेल. हे आत्ता कळलेलं बरं.

२०१३ च्या त्या तारखेला तुम्हाला बहुधा दोन कागद पाठोपाठच्या क्रमांकांचे दिसतील : एक वॉरंटी डीड, त्यावर ‘विथ वेंडर्स लीन’ (किंमत फिटेपर्यंत घरावरचा बोजा) असंही असेल, आणि दुसरा डीड ऑफ ट्रस्ट, म्हणजे कर्जाचं तारण. दोन्हींच्या प्रती घ्या. साधी प्रत पानाला १ डॉलर, प्रमाणित प्रतीला त्यावर आणखी ५ डॉलर. ते शंभर डॉलरचं पत्र फाडून टाका. त्या कंपनीचा काउंटीशी काही संबंध नाही.

डीडमध्ये ग्रँटीच्या नावापुढचे दोन-चार शब्द फार सावकाश वाचा. नुसतं ‘अ मॅरीड मॅन’ असेल तर उत्तम. ‘अॅज हिज सोल अँड सेपरेट प्रॉपर्टी’, म्हणजे त्याची एकट्याची स्वतंत्र मालमत्ता, असं असेल तर थांबा आणि ती प्रत घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटा, कारण मग पुढचं सगळं गणित बदलतं. डीड ऑफ ट्रस्टच्या शेवटच्या पानावर तुमची सही आहे का, तेही पाहा. टेक्सासमध्ये जोडीदार कर्जदार नसला तरी तारणाच्या कागदावर त्याची सही बहुतेक वेळा घेतात. लग्न झालेलं होतं आणि हे घर दोघांचं राहतं घर होतं, याचा तो त्याच दिवसाचा पुरावा आहे.

टेक्सास हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे. लग्नानंतर नवरा किंवा बायको, कोणीही घेतलेली मालमत्ता दोघांची, असं कायदा धरून चालतो. डीडवर नाव कोणाचं, पगार कोणाचा, व्हिसा कोणता, याने त्यात फरक पडत नाही. तुम्ही ‘मला पगार नव्हता’ असं लिहिलंत त्यात मला संकोच दिसला. तो सोडून द्या; कायद्याने अर्धं घर पहिल्या दिवसापासून तुमचं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल कायदा सांगतो की मृत्युपत्र नसेल आणि मृताची सगळी मुलं मागे राहिलेल्या जोडीदाराचीही असतील, तर तेही जोडीदारालाच मिळतं. तुमची एकच मुलगी, दोघांची. म्हणजे घर निखळ कम्युनिटी प्रॉपर्टी असेल तर ते संपूर्ण तुमचं.

दिरांचं म्हणणं यात कुठे बसतं? १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. यजमानांच्या एकट्याच्या मालकीचा फ्लॅट पुण्यात असता, तर तुम्ही, मुलगी आणि सासूबाई यांना प्रत्येकी एक तृतीयांश आला असता. त्यामुळे दीर खोटं बोलत आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांना तोच कायदा ठाऊक आहे. पण स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो, आणि टेक्सासमध्ये मूल हयात असताना आईवडिलांना स्थावरात वाटा नाही.

सासऱ्यांच्या पैशांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी झटकणार नाही. ते पैसे एकट्या मुलाला बक्षीस दिले होते असं स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने कोणी सिद्ध केलं, तर घराचा तेवढा भाग यजमानांची स्वतंत्र मालमत्ता ठरू शकतो. तरीही तो भाग सासरी जात नाही. तो मुलीकडे जातो, आणि त्यातल्या एक तृतीयांशावर तुमचा हयातभर उपभोगाचा हक्क राहतो. पैसे उसने दिले होते असं म्हणणं असेल, तर ते देणं होईल, मालकी नव्हे, आणि तेही सिद्ध करावं लागेल. २०१३ची बँक स्टेटमेंट्स शोधून ठेवा. स्टँप पेपरवर काहीही सही करू नका. सासूबाईंना आधार द्यायचा असेल तर जरूर द्या, पण तो घराच्या मालकीत गुंतवू नका.

आता नोंदवायचा कागद. डीड साफ असेल, पैशांचा वाद नसेल आणि एवढ्यात घर विकायचं नसेल, तर अॅफिडेव्हिट ऑफ हेअरशिप, म्हणजे वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र, पुरेल. यजमानांचं लग्न, मुलं, मृत्यू आणि मृत्युपत्र नसल्याची हकिकत त्यात शपथेवर लिहायची असते. घरात वाटा नसलेले, कुटुंबाला जवळून ओळखणारे दोन साक्षीदार घ्या. इथले मित्र लग्नानंतरचे असतील, तर लग्नाआधीपासून ओळखणारा एखादा साक्षीदार पुण्याचा चालेल. त्याची सही मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटराइझ करून घेणं सगळ्यात निर्वेध. ऑनलाइन नोटरीही कायदेशीर आहे, पण अमेरिकेत क्रेडिट इतिहास नसलेल्या माणसाची ओळख पटवताना तिथे अनेकदा अडतं. नोंदणीची फी पहिल्या पानाला साधारण २५ डॉलर, पुढे पानाला ४ डॉलर. डीडमधलं मालमत्तेचं कायदेशीर वर्णन शब्दशः उतरवा, नुसता घराचा पत्ता लिहून भागत नाही.

या कागदाची मर्यादाही जाणून घ्या. तो कोर्टाचा हुकूम नाही. पाच वर्षं रेकॉर्डवर राहिला की त्यातली हकिकत प्रथमदर्शनी पुरावा मानतात. पण त्यातून वगळलेल्या वारसाचा किंवा धनकोचा हक्क त्याने बुडत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी बँकेचा लॉकर, ईमेल, पुण्यातलं कपाट, सगळं पाहून मृत्युपत्र खरंच नाही याची खात्री करा. सापडलं तर ते मृत्यूपासून चार वर्षांच्या आत प्रोबेटला, म्हणजे कोर्टाकडून मान्य करून घ्यायला, द्यावं लागतं. घर लवकर विकायचं असेल, तर जी टायटल कंपनी घेणाऱ्याला मालकीचा विमा देणार तिला आधी विचारा की तिला एवढं चालेल का. आणि दीर सासऱ्यांच्या पैशांवर अडून बसले, तर मी सरळ कोर्टातून वारस ठरवून घ्यायला सांगेन. कोर्ट अज्ञात वारसांसाठी एक वकील नेमतं, खर्च आणि महिने दोन्ही लागतात, पण त्या निकालाची प्रत क्लर्ककडे नोंदवली की वाद मिटतो. तुमच्या प्रसंगात मुलगी अल्पवयीन आहे आणि तिच्या संभाव्य वाट्याचा प्रश्न आहे, म्हणून हाच रस्ता मला जास्त सुरक्षित वाटतो.

बँकेला फोन करणं बंद करा, लेखी पत्र पाठवा. कर्जदाराच्या मृत्यूमुळे घर जोडीदाराकडे आलं, तर तेवढ्या कारणावरून सगळं कर्ज एकदम मागता येत नाही, असं १९८२चा गार्न-सेंट जर्मेन कायदा सांगतो. एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तुम्ही ‘सक्सेसर इन इंटरेस्ट’, म्हणजे कर्जदाराच्या जागी घराची मालकी आलेली व्यक्ती, आहात. पत्रात हेच शब्द वापरा आणि ओळख पटवायला कोणती कागदपत्रं हवीत, ते बँकेकडून लेखी मागा.

होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे राहत्या घराला मालमत्ता करात मिळणारी सवलत, क्लर्ककडे नसतं, ते करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे असतं. तिथे यजमानांचं नाव दिसत असलं तरी तो मालकीचा पुरावा नव्हे. डीडवर नाव नसलेल्या वारसालाही ही सवलत मिळावी यासाठी टेक्सासने २०१९ मध्ये कायदा केला आहे : प्रतिज्ञापत्र, डेथ सर्टिफिकेट आणि तुमच्या नावाचं वीज किंवा पाण्याचं बिल जोडून अर्ज करता येतो. वारशाची नोंद व्हायची वाट न पाहता हा अर्ज लगेच करा.

आणि या सगळ्यासाठी वकिलाकडे जाल, त्याच भेटीत तुमचं स्वतःचं मृत्युपत्रही करून घ्या. त्यात मुलीसाठी पालक आणि ट्रस्टी नेमा. ट्रान्सफर ऑन डेथ डीड, म्हणजे आपल्या मृत्यूनंतर घर कोणाला जावं हे सांगणारा सोपा कागद, टेक्सासमध्ये २०१५ पासून आहे, पण अल्पवयीन मुलीच्या नावाने तो आत्ता करू नका. ती अठरा वर्षांची झाली की करा आणि तुमच्या हयातीतच क्लर्ककडे नोंदवा, कारण मृत्यूनंतर नोंदवलेला तो कागद चालत नाही.