चाकणच्या कंपन्यांत ठेक्यावरचे कामगार सहा-सात महिन्यांतच का बदलतात?

बऱ्याचदा कामगार सोडत नाही, त्याला सोडायला लावतात. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने ती सलग सेवा धरतात. मग कामावरून कमी करताना नोटीस, भरपाई आली. म्हणून ठेकेदार सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देतो. गेटपास जमा, महिन्याभराने नवा. खोलीभाडं थोडंच थांबतं? पोरगं शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत लागतं. काही जण ओव्हरटाइमवरून जातात: कायद्याने दर दुप्पट, हातात पडतो सिंगल.

खरा फटका पीएफला बसतो. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, दुसरा काढू देऊ नका. पैसे काढण्यापेक्षा ट्रान्सफर करा. पीएफच्या पेन्शनला 10 वर्षं सेवा लागते. 10-सी फॉर्म भरून पेन्शनचा हिस्सा काढलात की मोजणी पुन्हा शून्यापासून.