फोन अपडेट होत नाही? आधी जागा बघा

घाबरू नका, फोन बिघडलेला नसतो बहुतेक वेळा. आणि कुणी 'फॅक्टरी रीसेट मार' (म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा कर) म्हणालं तर आत्ता ऐकू नका. तो अगदी शेवटचा उपाय, तोही फोटो-कॉन्टॅक्टचा बॅकअप घेतल्यावरच.

पहिला संशय स्टोरेजवर घ्या. अपडेट २ जीबीचं दिसलं म्हणून २ जीबी रिकामे असून भागत नाही. डाउनलोड झालेली फाइल उलगडायलाही जागा लागते. मी निदान ८-१० जीबी मोकळे ठेवतो. माझ्या आईच्या फोनवर अपडेट दर वेळी अर्ध्यात अडकायचं. उघडून पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे फुलं-गणपती आणि व्हिडिओ मिळून ११ जीबी! ते उडवले, त्याच रात्री काम झालं.

मग एवढं करा:
- चार्जिंग ५० टक्क्यांच्या वर, शक्यतो चार्जर लावूनच.
- घरचं वायफाय. डेटा सेव्हर, बॅटरी सेव्हर आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं अ‍ॅप) असेल तर तेही बंद.
- तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर. चुकीच्या तारखेनेही अपडेट अडतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.
- फोन एकदा रीस्टार्ट. आयफोन असेल तर स्टोरेजच्या यादीतून अर्धवट उतरलेलं अपडेट काढून पुन्हा उतरवा.

फोन जुना असेल तर कंपनीने अपडेट देणंच थांबवलंय का, तेही बघा. गुगलच्या पिक्सेल ८ ला ७ वर्षांचं आश्वासन आहे, स्वस्तातल्या फोनना बरंच कमी मिळतं.

कुणी पाठवलेल्या लिंकवरून अपडेट कधीच घेऊ नका, फक्त सेटिंग्जमधून. एवढं करूनही अडलं तर फोनचं मॉडेल आणि स्क्रीनवर येणारा मेसेज जसाच्या तसा लिहून कळवा.